स्वतःलाच किती पगार द्यावा?

'वाजवी' हा मराठीतला फार सोयीचा शब्द आहे. भाजीवाली म्हणते वाजवी लावलाय, घरमालक म्हणतो भाडं वाजवी आहे, मुलाची आई म्हणते आमच्या अपेक्षा अगदी वाजवी आहेत हो. वाजवी म्हणजे नक्की किती, ते कोणी सांगत नाही. सांगायची वेळ येत नाही म्हणूनच बहुधा हा शब्द इतकी वर्षं टिकलाय. पण हाच शब्द इन्कम टॅक्सच्या नोटिशीत येतो तेव्हा त्याच्यापुढे आकडा लिहावाच लागतो. आणि तो लिहिताना घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागतात.

मी नागपुरात गेली तीसेक वर्षं लोकांचे टॅक्सचे हिशेब बघतो. माझ्याकडच्या बहुतेक कंपन्या नावाला 'प्रायव्हेट लिमिटेड', पण खऱ्या घरगुती. नवरा डायरेक्टर, बायको डायरेक्टर, आई शेअरहोल्डर, आणि बोर्डाची मीटिंग रात्रीच्या जेवणात. अशा कंपनीत पगार कोण ठरवतं? ज्याला घ्यायचाय तोच. इथेच सरकारला शंका येते, आणि ती शंका काही अगदीच चुकीची नाही.

ज्या प्रकरणाबद्दल लिहितोय ते हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्याचं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. वडिलांनी सुरू केलेला कारखाना, आता मोठा मुलगा चालवतो. त्याला आपण दादा म्हणू. दादाकडे ६० टक्के शेअर्स, आईकडे २०, आणि लग्न होऊन पुण्याला गेलेल्या ताईकडे २०. वहिनी ऑफिस सांभाळतात. २०२०-२१ साली दादाचा पगार होता २४ लाख. पुढच्या वर्षी त्याने तो ६० लाख केला आणि वहिनींचा ९ लाखांचा १८ लाख. झालं! २०२४ च्या मार्चमध्ये असेसमेंटचा आदेश आला. दादाला मागच्या वर्षीच्या पगारावर १० टक्के वाढ मान्य, वरचे ३३ लाख ६० हजार नामंजूर. वहिनींचे १८ लाख तर सगळेच नामंजूर, कारण त्यांच्याकडे 'या कामाची कोणतीही पात्रता दिसून येत नाही'. म्हणजे ५१ लाख ६० हजार रुपये कंपनीच्या नफ्यात परत मिळवले आणि त्यावर जवळपास १३ लाखांचा कर लावला. व्याज वेगळं.

दादा चिडला की त्याची भाषा वऱ्हाडीकडे सरकते. "काका, कारखाना माहा, मेहनत माही, अन् पगार किती घ्यावा हे थे सांगनार? काऊन बापा?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा लांबचं आहे.

सरकारला यात रस का, ते आधी बघू. कंपनीने १०० रुपये नफा कमावला आणि कमी दराचा पर्याय घेतला असेल तर अधिभार-सेस धरून साधारण २५ रुपये १७ पैसे कर जातो. उरलेले डिव्हिडंड म्हणून वाटले तर २०२० पासून ते घेणाऱ्याच्या हातात पुन्हा करपात्र होतात. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर शंभरातले एकूण ४८ रुपयांच्या वर जातात. तेच १०० रुपये पगार म्हणून दिले तर कंपनीला खर्च मिळतो आणि कर एकदाच, ३१ रुपये २० पैसे. घरात कमी टप्प्यातला कोणी असेल तर त्याहून कमी. म्हणजे नफ्याला पगाराचा सदरा घालायचा मोह प्रत्येक घरगुती कंपनीला असतो. तो ओळखूनच १९६१ च्या कायद्यात ४०अ(२) हे कलम आलं. नातेवाईकाला किंवा कंपनीत भरीव हिस्सा असलेल्याला दिलेली रक्कम 'अवाजवी किंवा जास्त' वाटली तर अधिकारी जास्तीचा भाग नामंजूर करू शकतो. मोजायच्या पट्ट्या तीन: बाजारभाव, धंद्याची खरी गरज, आणि धंद्याला झालेला फायदा. (नवा प्राप्तिकर कायदा २०२५ साली मंजूर झाला आणि त्याची अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६. कलमांचे आकडे बदलले, प्रश्न तोच.)

गंमत म्हणजे या कायद्याच्या व्याख्येतले नातेवाईक म्हणजे नवरा, बायको, भाऊ, बहीण, आणि सरळ रेषेतले वरचे-खालचे. सून नाही, जावई नाही, पुतण्या-भाचा नाही. आपल्याकडे ज्यांच्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात ती नाती कायद्याने बाहेरच ठेवली आहेत. असो.

पट्ट्या दिल्या, पण आकडा दिला नाही. भागीदारी फर्मला निदान सूत्र तरी आहे. काम करणाऱ्या भागीदारांना पुस्तकी नफ्याच्या पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के किंवा ३ लाख यांतलं जे जास्त ते, आणि पुढच्या नफ्यावर ६० टक्के. २०२४ च्या बजेटमध्ये हे आकडे वाढवले. गुणाकार केला की विषय संपला. कंपनीच्या डायरेक्टरलाही एके काळी सरळ मर्यादा होती. वर्षाला ७२,००० रुपये, पुढे १९८० च्या दशकात १,०२,०००, आणि १९८९ पासून ती काढूनच टाकली. ती असताना लोक म्हणायचे काय हा जाच. गेल्यावर कळलं की आता सिद्ध करायचं ओझं आपल्या डोक्यावर आलं. मध्यंतरी २०१२ साली सरकारने आणखी एक प्रयोग केला. मोठ्या कंपन्यांनी नातेवाईकांना दिलेल्या रकमांना, डायरेक्टरच्या पगारासकट, परदेशी व्यवहारांसारखी 'परक्याशी केला असता तर' ही कसोटी लावली. परक्याशी केलेल्या व्यवहारातला वडिलांचा पगार किती, हे कोणाला सांगता येणार? २०१७ साली ती तरतूद गुपचूप मागे घेतली.

मग उत्तर शोधायचं कुठे? जुन्या निकालांत. आणि इथे आपल्या मराठी मुलखातलंच एक नाव भेटतं. सोलापूरचे वालचंद हिराचंद, जहाजं, विमानं, मोटारी, साखर, सगळ्यांत हात घातलेला माणूस. त्यांच्या नावाच्या वालचंद आणि कंपनी प्रायव्हेट लिमिटेडचा पगारवाढीवरून इन्कम टॅक्स खात्याशी वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल १९६७ चा. वालचंद तोवर जाऊन चौदा वर्षं झाली होती. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या, ज्या आजही प्रत्येक अपिलात लिहिल्या जातात. एक, खर्च वाजवी आहे का ते धंदेवाल्याच्या जागेवरून बघायचं, खात्याच्या खुर्चीवरून नाही. आणि दोन, नफा वाढला तरच पगारवाढ योग्य ठरते हा नियम चूक आहे.

दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने जास्त मोलाची. दादाचा २४ लाख हा आकडाच मुळात खोटा होता, म्हणजे खोटा या अर्थाने की तो त्याच्या कामाचा भाव नव्हता. कोविडच्या वर्षात ३८ कामगारांपैकी एकालाही काढायचं नाही म्हणून त्याने आठ महिने स्वतःचा पगार घेतला नव्हता. पुढच्या वर्षी पूर्ण घेतला. कागदावर ती अडीचपट वाढ दिसली, आणि ज्या वर्षी त्याने पोटाला चिमटा घेतला तेच वर्ष त्याच्यावर मोजपट्टी म्हणून आलं.

पण हे अधिकाऱ्याला दिसणार कसं? हल्ली असेसमेंट 'फेसलेस' असते. प्रश्नोत्तरं सगळी कॉम्प्युटरवर, अधिकारी कोण, कुठल्या शहरात बसलाय, ठाऊक नसतं. देशभरातले इन्कम टॅक्सचे अधिकारी आमच्या छिंदवाडा रोडवरच्या अकादमीत शिकून जातात, पण आमच्या हिंगण्याच्या शेडचा निर्णय कुठल्या तरी स्क्रीनवर होतो. याचे फायदेही आहेत, ओळखीपाळखीचा आणि चहापाण्याचा प्रश्न उरला नाही. पण ज्याने शेड पाहिलीच नाही त्याला शेडमधलं काम शब्दांत दाखवावं लागतं.

म्हणून मी दादाला म्हटलं, अपील नंतर लिहू, आधी तू काय काय करतोस ते लिही. तो हसला. "हे काय, शाळेतला निबंध आहे का?" चार दिवसांनी अर्धं पान घेऊन आला. मग आम्ही तीन संध्याकाळी बसून ते सव्वीस मुद्द्यांपर्यंत नेलं. ड्रॉइंग वाचून कोटेशन देणं, स्टीलची खरेदी, वेल्डरची भरती, रात्री बारा वाजता क्रेन अडकली तर जाणं, बँकेच्या तीन कोटींच्या कॅश क्रेडिटला वैयक्तिक हमी आणि त्यापोटी गहाण ठेवलेलं राहतं घर. शेजारच्या कारखान्यांत वर्क्स मॅनेजर, मार्केटिंग मॅनेजर आणि खरेदी अधिकारी यांना काय मिळतं त्याची नेमणूकपत्रं आणि जाहिराती जमवल्या. तिघांची बेरीज ६० लाखांच्या आसपास गेली, आणि त्यांतला कोणीही आपलं घर गहाण ठेवणार नव्हता.

यादी वाचून दादा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, बाबा गेल्यापासून मी काय करतो हे मला कोणी विचारलंच नव्हतं." नोटीस पाठवणाऱ्याने विचारलं, हे खरं. विचारायची पद्धत जरा वाकडी होती इतकंच.

मग वहिनींचा कागद. तो त्यांनी स्वतः लिहून आणला, सुवाच्य अक्षरात, चार पानं. वहिनी मराठी घेऊन बी.ए. झालेल्या. २००४ पासून रोज साडेदहाला ऑफिसात. पगारपत्रक, पीएफ, ईएसआय, जीएसटीचा ताळमेळ, आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे उधारी वसुली. दादा ज्या पार्टीला फोन करायला लाजतो तिला वहिनी गोड बोलून दर सोमवारी फोन करतात आणि पैसे आणतात. पहिली सहा वर्षं त्यांनी एक रुपया घेतला नव्हता. ती सहा वर्षं कोणत्याही अधिकाऱ्याने कधी विचारली नाहीत. विचारणार कशी? ४०अ(२) मध्ये 'अवाजवी कमी' असा शब्दच नाही.

वहिनींच्या वाटेत आणखी एक कलम होतं, ६४. ज्या कंपनीत नवऱ्याचा भरीव हिस्सा आहे तिथून बायकोला पगार मिळाला तर तो नवऱ्याच्या उत्पन्नात धरायचा, बायकोकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्या ज्ञान-अनुभवाचाच असेल तर मात्र नाही. पात्रता म्हणजे पदवीच पाहिजे असं नाही, असं आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८५ च्या सुमाराला म्हटलेलं आहे. तरी सावधगिरी म्हणून आम्ही वहिनींचा पगार दादाच्याच रिटर्नमध्ये दाखवत आलो होतो. प्रकरणात त्याचा उपयोगच झाला. कर सगळ्यात वरच्या दराने भरलेला होता, म्हणजे चुकवला कोणीच नव्हता, आणि कर चुकवायचा हेतू नसेल तर हे कलम प्रामाणिक माणसाला त्रास द्यायला वापरू नये, असं प्रत्यक्ष कर मंडळाचं ६ जुलै १९६८ चं परिपत्रक आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही ते मानलेलं आहे. मी हे सगळं उत्साहाने समजावून सांगितलं. वहिनींनी शांतपणे विचारलं, "म्हणजे माझा पगार यांचाच होता?"

मी कायदा सांगितला. त्यांच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळलं.

अपिलाच्या तयारीत मी अमेरिकेतला एक निकालही वाचला. तिकडे हा वाद आपल्यापेक्षा जुना आणि मोठा. विस्कॉन्सिन राज्यात एक्झॅक्टो स्प्रिंग नावाची स्प्रिंग बनवणारी छोटी कंपनी. तिच्या मालकाने १९९३ साली १३ लाख डॉलर आणि १९९४ साली १० लाख डॉलर पगार घेतला. खातं म्हणालं चार लाखांच्या आतबाहेर पुरे. टॅक्स कोर्टाने सात निकष लावून मधलेच आकडे काढले, ९ लाख आणि ७ लाख. १९९९ साली अपील कोर्टाच्या न्यायमूर्ती पोस्नरनी ते सात निकषच टोपलीत टाकले. कोर्टाने कंपन्यांचं पगार ठरवणारं ऑफिस होऊ नये, असा त्यांचा रोख. त्याऐवजी एकच प्रश्न: कंपनीत पैसे घातलेला, पण मालकाचा कोणी न लागणारा गुंतवणूकदार असता, तर पगार दिल्यानंतर उरलेल्या परताव्यावर तो खूश असता का? अपेक्षा १३ टक्क्यांची होती आणि मिळत होते २०. मग पगार वाजवी.

मला ही कसोटी फार आवडली. लगेच आकडे मांडले. कंपनीचं स्वतःचं भांडवल ६ कोटी. पगार देऊन करपूर्व नफा १ कोटी १० लाख, कर जाऊन ८२ लाखांच्या वर. म्हणजे १३.७ टक्के. काल्पनिक गुंतवणूकदार खूश! मी हे अपिलात घातलं.

आणि मग लक्षात आलं की इथे गुंतवणूकदार काल्पनिक नाहीच. ती पुण्यात राहते. तिच्याकडे २० टक्के आहेत. तिला नऊ वर्षांत एक रुपया डिव्हिडंड मिळालेला नाही. कागदावर तिचे पैसे दरवर्षी १३.७ टक्क्यांनी वाढतायत, पण ते शेअर्स ती विकणार कोणाला? भावालाच. कोणत्या भावाने? भाऊ म्हणेल त्या. शेअर बाजारातला गुंतवणूकदार नाराज झाला तर सकाळी उठून विकतो. घरगुती कंपनीतली बहीण नाराज झाली तर राखीला येते आणि काही बोलत नाही.

मी दादाला हे सांगितलं. माझं काम नव्हतं ते, मी टॅक्सवाला. पण जो कागद आपण सरकारला देतोय तो ताईला दाखवायला काय हरकत आहे, एवढंच म्हटलं. तो आधी उसळला. "ताईला काय कमी केलं मी? तिच्या घराच्या वेळी पैसे नाही दिले?" दिले होते, खरंच दिले होते. पण ते देणं होतं. हिशेब नव्हता. देणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात, घेणाऱ्याला नाही.

महिनाभराने त्याने ते सव्वीस मुद्दे, वहिनींची चार पानं आणि ताळेबंद ताईला पाठवले. तिचा फोन मला आला. मला वाटलं आता वकिलाचं नाव विचारणार. ती म्हणाली, "काका, दादा इतकं करतो हे मला माहीतच नव्हतं. आणि वहिनीने सहा वर्षं फुकट केलं हेही." जरा थांबून म्हणाली, "पण मग माझं किती, हेही कोणीतरी असंच लिहून द्यायला हवं होतं ना?"

पहिल्या अपिलाचा निकाल २०२५ मध्ये आला. दादाचे ६० लाख पूर्ण मान्य. वहिनींचे १८ पैकी १२ मान्य, ६ नामंजूर, कारण काहीच नाही, फक्त 'एकंदर परिस्थिती पाहता'. सहा लाखांवरचा कर दीड लाखाच्या आसपास. दादा म्हणाला सोडून देऊ. मीही हिशेबाने तेच सांगितलं असतं. वहिनी म्हणाल्या, "नाही. पुढे जायचं." ट्रायब्युनलच्या अपिलाची फी जास्तीत जास्त १०,००० रुपये, आणि खंडपीठ नागपुरातच आहे. तिथे निदान समोर माणूस बसलेला असतो. तारीख लागेल तेव्हा वहिनी स्वतः येऊन बसणार आहेत. त्यांना बोलू देत नाहीत हे मी सांगितलं. म्हणाल्या, बसू तर देतात ना.

त्या वर्षी कंपनीने २५ लाख डिव्हिडंड जाहीर केला. ताईच्या वाट्याला ५ लाख, कर कापून. टॅक्सच्या भाषेत हा शुद्ध तोटा आहे, वर मी मांडलेलं गणित बघा. शंभरातले ४८ रुपये घालवून वाटलेला पैसा. मी दादाला तसं स्पष्ट सांगितलं, ते माझं कर्तव्य होतं. तो म्हणाला, "असू द्या काका, इतक्यात स्वस्तच पडलं."

तीस वर्षांत मी अनेकांना पगार कसा दाखवायचा ते सांगितलं. कायद्याला एकच काळजी, कोणी जास्त तर घेत नाही ना. कमी कोण घेतंय, काहीच कोण घेत नाही, आणि गप्प कोण बसलंय, हे बघणं त्याचं काम नाही, आणि तो बघायला लागला तर आपल्याला आवडणारही नाही. ते घरातच बघावं लागतं. माझं लोकांना आता एवढंच सांगणं असतं: नोटीस यायची वाट बघू नका. वर्षातून एकदा, मार्च संपायच्या आत, कोण काय करतं आणि त्याचं किती, हे एका कागदावर लिहा, आणि तो घरातल्या प्रत्येक शेअरहोल्डरला वाचायला द्या. अधिकाऱ्याला तो कागद पटेल की नाही ते मी सांगू शकत नाही. घरच्यांना पटला तर बराचसा वाजवी असेल.